आईचा बंद पलंग

शनिवार, ४ नोव्हेंबर १९६१

नाही म्हणजे नाही. तोंडावर सांगितलं.

शनिवार हा माझा मेण लावायचा दिवस. मी पलंगापुढच्या बाकावर चढून आमच्या कपाटासारख्या दुमजली पलंगाच्या वरच्या सरकत्या दारांचे पितळी खिळे घासत होते आणि आमचे बंधुराज गुलवेन एका माणसाला घेऊन आत आले. मस्यू तांगी. स्वच्छ बूट, हातात टोपी, जिभेवर लोणी. हा तोच, हिरव्या गाडीतून गावोगाव फिरणारा. लोकांचे जुने पलंग, कपाटं, संदुका उचलतो आणि बदल्यात चकचकीत फॉर्मायका देऊन जातो.

पलंगासमोर उभा राहिला आणि श्वासच रोखला त्याने. "काय नक्षी आहे, मादाम!" मी म्हटलं, मादमाझेल. एकोणपन्नास वर्षांची झाले म्हणून कुणी फुकटात लग्न लावून द्यायला नको. मग त्याने खालचं दार सरकवून आत डोकं घातलं. आत आई होती! दुपारची जरा टेकली होती. "माफ करा," म्हणाला आणि दार परत ओढून घेतलं, जसं काही कपाट उघडलं आणि आत हवी ती वस्तू नव्हती.

गुलवेन म्हणतो, "नुसतं बघू तर दे त्याला, बार्बा." मी म्हटलं, बघून झालं असेल तर धिरडं खा आणि नीघ. धिरडं खाल्लं. दोन खाल्ली. वर लोणी मागितलं.

तो गेल्यावर गुलवेनला विचारलं, हे काय खूळ?  गायींकडे निघून गेला. काहीतरी शिजतंय.

रविवार, ५ नोव्हेंबर

शिजतंय ते कळलं. तिचं नाव लिलियान.

मोर्लेला तंबाखूच्या कारखान्यात कामाला आहे. वय तेहतीस. मामेभावाच्या लग्नात भेटली, दोघं नाचली म्हणे. गुलवेन नाचला! बेचाळीस वर्षांचा, पायात जन्मभर लाकडी जोडे, आणि नाचला. चर्चमधून येताना वाटेत सगळं सांगितलं, माझ्याकडे न बघता, कुंपणाकडे बघत.

ती यायला तयार आहे. ही साधी गोष्ट नाही, मला कळतं. इकडे आरे डोंगराच्या कुशीत प्रत्येक घरात एक बिनलग्नाचा भाऊ बसलाय. पोरी सगळ्या पॅरिसला पळाल्या, नाहीतर मोर्लेला, ब्रेस्टला. शेणात हात घालायला कुणी येत नाही. ही येते म्हणतेय. पण मातीच्या जमिनीवर नाही. काळ्या लाकडाच्या अंधारात नाही. सिमेंट हवं, आणि दक्षिणेच्या भिंतीत खिडकी हवी.

दक्षिणेच्या भिंतीला आईचा पलंग आहे.

"तो गेला की खिडकी होईल," गुलवेन म्हणाला. "ईस्टरच्या आत सगळं झालं तर ती हो म्हणेल."

आणि आई? मी विचारलं. म्हणाला, "आईला नवीन लोखंडी पलंग आणू. स्प्रिंगचा."

आईला! स्प्रिंगवर!

गुरुवार, ९ नोव्हेंबर

पाऊस. लाल गाय आटली. गुलवेनशी बोलणं नाही.

रविवार, १२ नोव्हेंबर

आली होती. म्हटलं तर वाईट नाही दिसायला लिलियान. केस कापलेले, मोटारसायकलवरून येताना डोक्याला रुमाल. जेवली नीट. डुकराचं मांस, बटाटे, गाजर, सगळं. "तुमच्या हाताला चव आहे," मला म्हणाली. खोटं वाटलं नाही, हेच वाईट.

आईच्या पाया पडल्यासारखी वाकली आणि दोन्ही गालांवर मुके घेतले. आई हसली. आईला माणसं आवडतात. मग लिलियान पलंगाकडे बघत म्हणाली, "मादाम, तुम्ही ह्यात झोपता? गुदमरत नाही?"

मी मध्येच म्हटलं, एकोणिसाव्या वर्षी सून होऊन आली तेव्हापासून ती ह्यातच झोपते. आम्ही दोघं ह्यातच जन्मलो. बाबा ह्यातच गेले. गुदमरायला काय झालं?

"तसं नाही म्हणायचं मला," ती म्हणाली. लाल झाली.

पलंगाचा वरचा मजला माझा आहे हे तिला माहीत नव्हतं. गुलवेनने सांगितलं तेव्हा तिने वर बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. काय बघितलं देव जाणे. तिला कुठे कळणार की दिवसभर गायी, डुकरं, चूल, आई, भाऊ, सगळ्यांची मी असते. आणि ते दार ओढून घेतलं की कुणाचीच नसते. हे आत्ता लिहितेय तेही तिथेच बसून.

जाताना तिने अंगणातून घराची दक्षिणेची भिंत डोळ्यांनी मापली. मी बघितलं.

शनिवार, १८ नोव्हेंबर

मेण लावलं. मुद्दाम जास्त लावलं. दारावरचा आकडा घासून घासून लख्ख केला. १८११, सगळा पितळी खिळ्यांचा.

आजी सांगायची ते आठवलं. सम्राटाच्या लढायांसाठी गावोगाव पोरं पकडून नेत होते तेव्हाची गोष्ट. एक तरुण सुतार पळून आला आणि आपल्या गोठ्यात लपला. सगळा हिवाळा. शिपाई आले की गोठ्यात, गेले की घरात. फुकट कसं खायचं म्हणून त्याने चेस्टनटचं लाकूड घेतलं आणि हा पलंग करायला बसला. म्हणून तर एवढ्या गरीब घरात एवढा श्रीमंत पलंग. घाई नव्हतीच त्याला! दारांवर ओळीने बारीक खुंट्या, मधे येशूच्या नावाची अक्षरं, कडेने पानं. पानं तरी किती, जितके दिवस लपला तितकी असतील. पलंग संपला त्या आठवड्यात त्याला धरला म्हणे. परत कधी आला नाही. आपल्या पलंगात मात्र तेव्हापासून किती जन्मले, किती मेले.

शहाणी माणसं सांगतात की लांडग्यांच्या भीतीने हे बंद पलंग केले. लांडगे कसले! घरात कोंबड्या, डुकराची पिलं, आणि एकाच खोलीत सासू-सासरे, दीर, नोकर. लांडग्याला काय दार लावायचं? दार माणसाला लावतात.

आणि लांबीला तोकडा का, असं तो तांगी विचारत होता. कारण आम्ही आडवे झोपत नाही, मस्यू. उशांना पाठ टेकून बसल्यासारखे झोपतो. आडवं, सरळ, पाय लांब करून झोपायचं ते एकदाच, आणि तेव्हा उठवायला कुणी येत नाही. आईने लहानपणी मला आडवी पसरलेली बघितली की पाठीत धपाटा घालायची. "मेल्यासारखी काय पडतेस!" ह्या बाईला हे लोखंडी पलंगावर सरळ झोपवणार. म्हणजे जिवंतपणी तिरडीच की.

शुक्रवार, २४ नोव्हेंबर

सोआझकडे गेले होते, अंडी द्यायला. शेजारीण, पण आता ओळखू येत नाही तिचं घर. टेबल, खुर्च्या, भिंतीवरचं कपाट, सगळं पिवळं, मधे करड्या रेघा. तिचं जुनं कपाट गेलं, दोन्ही पलंग गेले, चुलीजवळचं बाकही गेलं.

"फडकं मारलं की झालं!" सोआझ म्हणाली आणि मारून दाखवलं. "तू बस शनिवारी घासत."

मी विचारलं, तुझ्या सासूचे पलंग कुठे गेले? म्हणाली, एक पॅरिसला. एका डॉक्टरकडे. मधली फळी काढली आणि आत बाटल्या ठेवल्या, शिवाय दिवा लागतो. दुसऱ्यात टेलिव्हिजन बसवला कुणी. "म्हणजे माझी सासू जिथे मेली तिथे आता गाणी लागतात!" हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही हसू आलं, लाज वाटली.

परत येताना डोक्यात तेच. आईच्या उशीच्या जागी बाटल्या.

रविवार, ३ डिसेंबर

न विचारता टेबल आणलं! निळं. फॉर्मायकाचं. पाय लोखंडी, बारीक, वासराचे असतात तसे. तांगीने "घरात वापरून तर बघा" म्हणून दिलंय. आमिष आहे, दुसरं काय.

माझ्या ओकच्या टेबलाशेजारी ते असं दिसतंय की बस. मी त्यावर काही ठेवलं नाही. गुलवेनने मुद्दाम आपला सफरचंदाच्या सिडरचा पेला ठेवला.

आई चुलीपासून उठली, काठी टेकत आली आणि टेबलावरून हात फिरवला. इकडून तिकडे, परत तिकडून इकडे. "गुळगुळीत आहे," म्हणाली. एवढंच. पण मला आईचा आवाज कळतो. म्हणायचं होतं, ह्यात जीव नाही.

गुलवेनला मी तसं सांगितलं. तो म्हणाला, "ती गुळगुळीत म्हणाली, बार्बा. गुळगुळीत म्हणजे गुळगुळीत."

रविवार, १० डिसेंबर

आज फुटलं सगळं.

सूप वाढत होते. गुलवेन म्हणाला, पुढच्या रविवारी लिलियान तिच्या मावशीला घेऊन येणार, बोलणी करायला. आईवडील नाहीत तिला, मावशीनेच वाढवलंय. त्याआधी पलंगाचं ठरायला हवं. मी म्हटलं, ठरलेलंच आहे. आई आहे तोवर पलंग आहे.

चमचा ठेवला त्याने. हळूच ठेवला, म्हणून जास्त लागला. "मग मी काय करू? आईच्या मरणाची वाट बघू? तेच शिकवतेस मला?"

मी म्हटलं, बायकोसाठी आईला घराबाहेर काढ, म्हणजे झालं.

"घराबाहेर कोण काढतंय? चार पावलं इकडे! चुलीजवळ, उबेला!"

तिला तिथे झोप लागणार नाही. मरेल ती.

"तुला काय माहीत?"

मला नाही तर कुणाला माहीत? तू वर माळ्यावर झोपतोस. तिच्या वरच्या फळीवर मी झोपते. ती कूस बदलते तेही मला कळतं. रोज ती आपलं दार जरासं उघडं ठेवते, बोटभर, तेही मीच उठून लावते, वारा लागू नये म्हणून.

तेव्हा तो आईकडे वळला. "आई, तू सांग."

आई सुपात पाव बुडवत होती. आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघितलं. मी म्हटलं, तिला कशाला कात्रीत धरतोस? तिच्या तोंडून हो वदवून घ्यायचंय तुला, म्हणजे तुझं मन मोकळं. आई, तू जेव.

आई म्हणाली, "तुम्ही ठरवा, पोरांनो." आणि जेवली.

बघ, मी त्याला म्हटलं. ती बिचारी तुझ्यासाठी गळाही कापून देईल. म्हणून तिच्या वतीने कुणीतरी नको म्हणायला हवं.

तो जेवण टाकून गेला. सूप कुत्र्याला घातलं.

बुधवार, १३ डिसेंबर

आईने विचारलं, "ती पोरगी येणार ना रविवारी?" येणार म्हटलं. "चांगली आहे," म्हणाली. कुणाबद्दलही चांगलंच बोलते.

रविवार, १७ डिसेंबर

कसं लिहू.

मावशी आली, काळा कोट, हातात पाकीट, भारदस्त बाई. लिलियानने आईसाठी लोकरीची शाल आणली होती, स्वतः विणलेली. मी ओकच्या टेबलावर पांढरी चादर घातली. लोण्याचा मोठा केक केला होता. मनात वैर नव्हतं माझ्या, हे कुणाला सांगून पटणार नाही.

बोलणी नीट चालली होती. गुलवेन जानेवारीत सिमेंट करणार. पाणी नळाने आत आणणार. मावशीने मान डोलावली, मग म्हणाली, "आणि खिडकीचं?"

 गुलवेनने माझ्याकडे बघितलं. आजवर इतक्या केविलवाण्या नजरेने कधी बघितलं नव्हतं, बाबा गेले तेव्हाही नाही. मी गप्प राहिले असते तर तो हो म्हणाला असता. मग तांगीची गाडी आली असती.

मी गप्प राहिले नाही. म्हटलं, आई जिवंत आहे तोवर तो पलंग हलणार नाही. ह्या घराची एक रीत आहे. ज्यांना ती नको त्यांच्यासाठी मोर्लेत पुष्कळ घरं आहेत.

मावशीने पाकीट बंद केलं. टक् आवाज झाला.

लिलियान रडली वगैरे नाही. ती आईजवळ गेली, चुलीपाशी, खाली बसली आणि म्हणाली, "मादाम, तुमचं काय म्हणणं आहे?" आईने तिच्या गालावर हात ठेवला. मी म्हटलं, तिला त्रास देऊ नका, तिला ऐकू कमी येतं. येतं तिला ऐकू. म्हणून गेले खरी.

आई माझ्याकडे बघत होती. मग तिने लिलियानचा हात धरला, थोपटला आणि सोडला.

त्या गेल्या. शाल राहिली.

सोमवार, १८ डिसेंबर

गुलवेनने निळं टेबल कुऱ्हाडीने फोडायचा प्रयत्न केला. वरचा पत्रा निघाला, फुटलं नाही.

सोमवार, २५ डिसेंबर

नाताळ. काल चर्चला मी एकटीच गेले. आई पायांमुळे नाही, गुलवेन नाही. सोआझ शेजारी येऊन बसली, पण बोलली नाही. गावात सगळ्यांना कळलंय. बार्बाने भावाचं लग्न मोडलं. म्हातारी नणंद, दुसरं काय करणार, असंच म्हणत असतील. म्हणोत.

बदक केलं होतं. गुलवेनने खाल्लं, दोन घास. मी म्हटलं, एक दिवस तू माझे आभार मानशील. त्याने मान वर केली. इतका वेळ बघत राहिला की मलाच बघवेना. "कशाबद्दल?" विचारलं. खरंच विचारलं, टोमणा नव्हता तो.

शनिवार, ६ जानेवारी १९६२

मेण लावलं. हात चालत होता, मन नव्हतं.

गुलवेन आता उशिरा उठतो. दूध मीच काढते. दुपारी तो रस्त्यावरच्या गुत्त्यात असतो. प्यायला म्हणून ओरडत नाही, हात उचलत नाही. नुसता येतो, माळ्यावर जातो. जिना चढताना लाकडी जोड्यांचा आवाज तेवढा. घरात एक माणूस कमी झालंय असं वाटतं, आणि तो तर समोर बसलेला असतो.

आज मनात आलं, चुकलं का माझं? मग आईकडे बघितलं. उशांना टेकून, पांढरी टोपी घालून, दाराच्या चौकटीत बसलेली. देव्हाऱ्यातली मूर्तीच. नाही चुकलं. ह्या एका गोष्टीपुरतं तरी नाही.

मंगळवार, १६ जानेवारी

गुलवेन स्वतः गेला तांगीकडे. का गेला विचारलं नाही. तो गेला, भेटला, आला आणि आपण होऊन बोलला, किती आठवड्यांनी!

तांगी म्हणाला, आता नको. पॅरिसच्या लोकांची हौस फिटली. बंद पलंग त्याच्या गोदामात छतापर्यंत लागलेत, पावसात भिजताहेत काही. दारं काढून विकतो, शेकोटीपुढे उभी करायला. बाकीचं लाकूड कोंबड्यांच्या खुराड्याला जातं.

"तेव्हा दिला असता तर सगळं आलं असतं. टेबल, कपाट, खुर्च्या, आईचा नवा पलंग," गुलवेन म्हणाला. आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, मग आपला पलंग राहिला हे चांगलंच ना. सुताराच्या हातचा. नाहीतर खुराडं झालं असतं त्याचं.

तो माळ्यावर गेला.

शनिवार, २० जानेवारी

आई पडली. पलंगातून उतरताना.

मी गोठ्यात होते. आधी बाकावर पाय ठेवायचा, मग जमिनीवर, सत्तावन्न वर्षं तिने तसंच केलंय. बाकावर मी मेण लावलं होतं सकाळी. आवाज आला नाही, हाक आली नाही. मी दूध घेऊन आत आले तर ती जमिनीवर, पाय वाकडा, आणि मला म्हणते, "ओरडू नको, गुलवेन झोपलाय."

डॉक्टर आला. खुब्याचं हाड. गाडीतून मोर्लेच्या इस्पितळात नेली. गुलवेनने तिला उचलली, एवढीशी झालीये, कोंबडीसारखी हलकी. मी पलंगातून तिच्या उशा काढल्या बरोबर द्यायला. डॉक्टर म्हणाला, उशा नकोत, तिला सरळ झोपवावं लागेल. मी म्हटलं, डॉक्टर, ती सरळ झोपत नाही. तो म्हणाला, "आता झोपेल."

मंगळवार, २३ जानेवारी

बसने गेले. इस्पितळात शिरले.

लांबच लांब खोली, दोन्ही बाजूंना पांढरे पलंग, खिडक्या मोठ्या, ऊन थेट आतपर्यंत. मी एकेक चेहरा बघत गेले. शेवटी आई. पाठीवर सरळ. पाय लांब. हात चादरीवर. डोळे मिटलेले, तोंड जरासं उघडं, टोपी नाही, पांढरे केस उशीवर पसरलेले. ते केस मी आयुष्यात मोकळे पाहिले नव्हते.

गेली!

मी गुडघ्यांवर पडले आणि सुरू झाले. मृतांची प्रार्थना, मोठ्याने, आमच्या भाषेत, आजी म्हणायची तशी. खोलीतल्या म्हाताऱ्यांनी छातीवर क्रूस काढला. एकीने माझ्याबरोबर म्हणायलाच सुरुवात केली. नन धावत आली. "अहो, अहो! काय करताय?"

आणि आईने एक डोळा उघडला.

"कोण गेलं?" विचारते.

सगळी खोली हसली. मीही हसले असेन. तोंडावर हात होता माझा, रडू येत होतं की हसू, कळलं नाही. ननने सांगितलं, पहिल्या दिवसापासून अशीच गाढ झोपते. "सगळ्यांत गुणी पेशंट आहे ही. उठवावं लागतं जेवायला."

औषध देत असतील झोपेचं. दुसरं काय असणार.

रविवार, २८ जानेवारी

सोआझने सांगितलं. मला न सांगती तर चाललं असतं. लिलियानचं ठरलं. मोर्लेचाच कुणी गॅरेजवाला, बायको वारलेला, एक पोर. ईस्टरनंतर लग्न.

गुलवेनला कुणी सांगायचं? मी सांगायला गेले. त्याला माहीत होतं. खळ्यात बसून दोर वळत होता. एक क्षण मी त्या दोराकडेच बघत राहिले. त्याला दिसलं ते. म्हणाला, "वासरासाठी आहे, बार्बा. जा."

संध्याकाळी विचारलं, आईला भेटायला येतोस? म्हणाला, "तू जातेस ना. तुला कळतं तिला काय हवं ते."

शनिवार, १० फेब्रुवारी

सोमवारी आईला घरी सोडणार. सगळा दिवस पलंग तयार केला. गादीतला जुना भुसा काढून ओटचा नवा भरला. चादरी उकळल्या. खिळे घासले. बाकावर मात्र मेण लावलं नाही, उलट गोणपाट ठोकलं, पाय घसरू नये म्हणून. दोन पायऱ्या करून दे म्हटलं गुलवेनला, करून दिल्या. चांगल्या केल्यात. 

घर कसं तरीच लागतं आई नसली की. खाली कूस बदलल्याचा आवाज नाही. आली की सगळं जागेवर येईल. भाऊ नाही येणार, ते मला कळतंय. पण आई तरी तिच्या जागी असेल. एवढं तरी राखलं मी.

रविवार, ११ फेब्रुवारी

इस्पितळात जाऊन आईला सांगितलं, उद्या घरी. पलंग तयार आहे, नवा भुसा, पायऱ्यासुद्धा.

ती खिडकीकडे बघत होती. म्हणाली, "ननना विचार ना, मला इथेच ठेवतील का."

मी म्हटलं, असं काय बोलतेस आई? तुझा पलंग वाट बघतोय.

म्हणाली, "सासरी आले त्या रात्री तुझ्या बापाने त्याचं दार लावलं. मी भिंतीकडे. तेव्हापासून श्वास पुरत नाही त्यात. तो हिरव्या गाडीवाला आला ना, वाटलं, सुटले."

मग बोलली का नाहीस, मी विचारलं. एकदा तरी!

आईने माझा हात थोपटला.

"तू बोलत होतीस ना, पोरी."